मुकादम कोणाचा

मुकादम हाकेला ओ देईनासा झाला, तेव्हा थोरलीचा पहिला संशय गेला तो धाकटीवर.

थोरलीचं सगळं आयुष्य बसस्थानकावरच्या खोलीत, भोंग्यापुढे गेलं होतं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा आहे, कुणाचं पोर हरवलंय आणि कुणाची पिशवी सापडलीय, हे सगळं ती सांगायची. तिचा आवाज निघाला की बाकावर पेंगणारी माणसं दचकून सामान चाचपायची. वाहक म्हणायचे, या बाईंनी पुकारलं की न सुटलेली गाडीसुद्धा येते. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, आवाज राहिला. आळीत तिला 'घोषणाबाई' म्हणत, आणि तिला ते आवडत असे.

मुकादम त्याच सुमारास आला. गटाराशेजारी सापडलेलं, मूठभर, तांबूस पिल्लू. घरात नळ दुरुस्त करायला कुणी आलं की हे मागे जाऊन बसे, मान तिरकी करून काम पाहत राही आणि माणूस हत्यारं आवरेपर्यंत हलत नसे. म्हणून नाव मुकादम. थोरलीने त्याला नुसत्या आवाजावर वाढवलं. बस म्हटलं की बस, थांब म्हटलं की थांब, ये म्हटलं की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाहून ये. खाऊचा तुकडा दाखवून शिकवणाऱ्यांची तिला कीव येई. "तुकड्यावर शिकलेला कुत्रा तुकड्याचा होतो," ती म्हणे, "माणसाचा होत नाही." समोरचा चष्मेवाला हात जोडून म्हणायचा, "घोषणाबाई, जरा बेतानं. तुम्ही त्याला बस म्हणता आणि माझं उभं गिऱ्हाईक खाली बसतं."

लग्न थोरलीने केलं नाही. घरात ती आणि मुकादम, आणि दोघांत एकच आवाज. तो पुरत होता.

मग धाकटी आली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, भाड्याचं घर मालकाला परत हवं होतं आणि मुलीच्या सासरी राहणं तिला पटत नव्हतं. मुलीच्या शेजारी एखादी जागा मिळेपर्यंत ती दोन ट्रंका घेऊन बहिणीकडे राहायला आली. थोरलीनेच तिला आग्रह करून बोलावलं होतं. आग्रह खरा होता. पण धाकटीशी तिचं एक जुनं गणित होतं, आणि ते लहानपणी एका मांजरीपासून सुरू झालं होतं. दूध थोरलीने घालायचं आणि मांजरीने मांडी धाकटीची धरायची. पुढे शेजारपाजारच्या पोरांचंही तेच झालं. थोरली त्यांना गोष्टी सांगे, आवाज काढून दाखवी, हसवी. आणि झोप आली की पोरं उठून धाकटीच्या कुशीत जात. धाकटी काही करतही नसे. नुसती बसलेली असे. थोरलीला सगळ्यात जास्त तेच खुपायचं.

धाकटीने उभी हयात मागावर काढली होती. त्या शेडमध्ये शेकडो माग एकदम चालत, आणि कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नसे. तिथल्या बायका हातांनी बोलायच्या. हात वर, पंजा उघडा, म्हणजे थांब, धागा तुटलाय. दोन बोटं वाकवली म्हणजे इकडे ये. मांडीवर थाप म्हणजे चल, सुटी झाली. शेडवरच्या मुकादमाला, देखरेख करणाऱ्या माणसाला, तेवढंच कळत होतं. पण बायकांना सासूची चुगली, मुलाचा ताप, नवऱ्याचं पिणं, सगळं त्या हातांतून सांगता येई. गिरणी सुटली तरी धाकटीचा हात सुटला नाही. जेवताना मीठ हवं असलं की ती चिमूट दाखवी. थोरलीला राग येई.

"तोंड दिलंय ना देवानं?"

"दिलंय की. पण एका घरात दोन भोंगे कशाला, ताई?"

कधी तरी थोरलीच्या लक्षात आलं की आपण मुकादमाला हाक मारतो आणि तो तसाच पडून राहतो. पुन्हा मारली, जोरात मारली, तरी कान हलत नाही. आणि धाकटी खोलीत येऊन नुसती दोन बोटं वाकवते, की हा महाराज शेपटी हलवत उठतो. ती मांडीवर थाप मारते, की हा दाराशी हजर. ती पंजा वर करते, की हा उंबऱ्यावर पाय रोवून उभा.

"लाडावून ठेवलंस तू त्याला," थोरली एकदा म्हणाली.

"मी? मी तर त्याला पोळीचा कोपरासुद्धा देत नाही. तूच ओरडतेस म्हणून."

"मग ऐकत का नाही माझं?"

धाकटीने कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला निघून गेली. थोरलीने ती गप्प राहिलेली पाहिली आणि मनात गाठ मारून ठेवली.

त्यातच फोनवरचं बोलणं कानावर पडलं. जागा मिळाली होती. मुलीच्या शेजारी, तळमजला, मागे छोटं अंगण. भाचीचा आवाज आईच्या फोनमधून बाहेरपर्यंत येत होता. मावशीवर गेली होती त्या बाबतीत. "आई, त्या मुकादमालाही घेऊन ये ना. मावशीचं कुठे ऐकतो तो आता? तूच सांगितलंस ना, तुझ्यामागे असतो दिवसभर."

"बघू," धाकटी म्हणाली. "ताईला विचारावं लागेल."

नाही म्हणाली नाही. थोरलीच्या हातातली बशी विसळून झाली होती तरी ती विसळतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेली. धाकटी न बोलावता बरोबर आली. थोरलीला डॉक्टरणीच्या तोंडून ऐकायचं होतं की कुत्रा बिघडवला गेलाय. दुसऱ्या बाईच्या लाडाने असं होतं. मूळ मालकिणीपासून त्याला हलवू नये. तसं कुणी सांगितलं असतं तर धाकटीचा प्रश्नच मिटला असता.

डॉक्टरणीने कुत्र्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. मग स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला. थोरली दचकली, धाकटी दचकली, पिंजऱ्यातलं मांजर फिसकारलं. मुकादम टेबलावर बसून भिंतीवरची पाल पाहत होता.

"याला ऐकू येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "वयामुळे. हळूहळू गेलं असणार. वर्षभर तरी झालं असेल."

"माझा आवाज जातो त्याला," थोरली म्हणाली. "माझा आवाज लांबवर जातो."

"बाई, तुम्ही भोंगा लावलात तरी आता नाही जाणार." डॉक्टरणीला थोरलीचा पेशा माहीत नव्हता. "पण घाबरायचं कारण नाही. बहिरी कुत्री हातांच्या खुणांवर छान राहतात. फक्त घरात सगळ्यांनी एकच खूण वापरा. एका खुणेचे दोन अर्थ झाले, की जनावराचं डोकं फिरतं."

"हिला येतात खुणा," थोरली म्हणाली आणि बहिणीकडे वळली. धाकटीच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं. थोरलीने तेवढं अचूक टिपलं.

वाटेत थोरली बहिणीच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. वर्षभर ती बहिऱ्या कानांत पुकारा करत होती. सकाळी उठून त्याच्याशी बोलायची, बाहेर जाताना सांगून जायची, परत आल्यावर काय घडलं ते सांगायची, आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत असायचा. ते ऐकणं नव्हतं. कुत्रा हट्टी झाला नव्हता, बिघडला नव्हता, आणि धाकटीने त्याला फितवलंही नव्हतं. हे कळल्यावर राग जायला हवा होता. तो वाढला. फितवलं असतं तर परत वळवता आलं असतं.

"ताई, मी शिकवते ना तुला," घरी आल्यावर धाकटी म्हणाली. "चारपाच खुणा तर आहेत. हे बघ, थांब म्हणजे असा पंजा..."

"मला दिसतं."

"अंगठा आत घ्यायचा नाही. असा..."

"म्हटलं ना, दिसतं मला. माझा कुत्रा आहे, मी बघेन काय ते."

ज्या बहिणीला तिने पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, तिच्यापुढे उतारवयात हात वर करून उभं राहायचं? त्यापेक्षा स्वतःच्या खुणा स्वतः करू. बसस्थानकावरही खुणा होत्याच. गाडी मागे घेताना फलाटावरचा माणूस पंजा उघडून हात उंच धरतो, आणि चालकाला आरशात तो दिसतो: येऊ दे, येऊ दे, वाट मोकळी आहे. खिडकीतून थोरलीने ते रोज पाहिलं होतं. तिच्या जगात वर केलेला उघडा हात म्हणजे ये.

धाकटीच्या जगात तोच हात म्हणजे थांब, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. दहा मिनिटांपूर्वीच धाकटीने तो तिला करून दाखवला होता. दुसरी खूण निवडता आली असती. हात पसरता आला असता, छातीशी नेता आला असता. थोरलीने स्वतःला सांगितलं की माझ्या पेशाची खूण मी वापरणार, त्यात कुणाचं काय जातं. इतकं पटवून सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

धाकटी दुपारी शिवणकामाला गेली की दार लावून शिकवणी सुरू व्हायची. आणि आयुष्यभर तुकड्याला नावं ठेवणारी ही बाई खाटकाकडून कलेजी आणून, उकडून, बारीक चिरून, डब्यात भरून बसली. पंजा वर, मुकादम जवळ आला की तुकडा. पहिले काही दिवस तो हात पाहून जागीच थिजायचा. त्याला तेच शिकवलेलं होतं. थोरली मग दुसऱ्या हाताने कलेजी त्याच्या नाकापुढून मागे ओढायची आणि तो गोंधळून, पाय घासत पुढे यायचा. एके दुपारी त्याने हात पाहिला आणि तो धावला. म्हाताऱ्या पायांनी, फरशीवरून घसरत, कान उडवत धावला आणि तिच्या गुडघ्यांवर येऊन आदळला. थोरलीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आलास?" ती म्हणाली. "आलास ना माझ्याकडे?" त्याने तिची बोटं चाटून स्वच्छ केली. बोटांना कलेजीचा वास होता, हे तिने मनावर घेतलं नाही.

काही दिवसांनी धाकटी फिरायला निघाली. फाटकाशी तिने पंजा वर केला आणि कडी काढायला वळली. मुकादम थांबला नाही. सरळ तिच्या पायांत आला.

"अरे? याला झालंय काय?"

"म्हातारा झालाय," थोरली व्हरांड्यातून म्हणाली.

"काल पण असंच केलं. हात बघतो, आणि मग कुणीकडे जाऊ असं होतं त्याला."

"तुझा हात हलत असेल. वय तुझंही झालंय."

धाकटीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. थोरली आत गेली आणि बऱ्याच दिवसांनी चहा करताना गुणगुणली.

पुढच्या आठवड्यात रस्त्यापलीकडे पाइप टाकायचं काम निघालं. खणणारी माणसं आली, म्हणजे मुकादमाची नेमणूक झालीच. सकाळी गॅसवाला फाटक उघडं टाकून गेला आणि मुकादम रस्ता ओलांडून चष्मेवाल्याच्या दुकानापाशी जाऊन बसला, मान तिरकी करून, चराच्या काठावर. थोरलीला तो दिसेना म्हणून ती फाटकाशी आली, तेव्हा अलीकडच्या फुटपाथवरून धाकटी पाव घेऊन येत होती.

मुकादमाने धाकटीला पाहिलं आणि तो उठला. त्याच वेळी कोपऱ्यावरून टेम्पो वळला. सामानाने भरलेला, काचा बंद, वेगात.

धाकटीला टेम्पो दिसला. पावाची पिशवी टाकून तिने हात वर केला. पंजा उघडा, बोटं ताठ. शेडमधला माग थांबवताना करत असेल तसा.

मुकादमाने हात पाहिला आणि तो रस्त्यावर उतरला. आनंदाने उतरला, कान उडवत.

जे घडत होतं त्याचं कारण त्या रस्त्यावर एकाच माणसाला माहीत होतं. आणि त्या माणसापाशी करायला काहीही नव्हतं. थोरलीने त्याला एकच खूण शिकवली होती: माझ्याकडे ये. थांब शिकवलंच नव्हतं. त्याची तिला गरज वाटली नव्हती. तिचा हात अर्धा वर आला आणि तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला. मग ती ओरडली. इतक्या वर्षांत भोंग्याशिवाय तो आवाज तसा कधी निघाला नसेल.

"थांब!"

चरातली कुदळ हवेत थांबली. चष्मेवाला हातात काच घेऊन थांबला. दोन सायकलवाले, एक पाववाला, जिन्यावरून उतरणारी बाई, सगळे जागच्या जागी थांबले. थांबला नाही तो फक्त मुकादम.

टेम्पोवाल्याने कुत्रा दिसल्यावर ब्रेक लावला, त्यात त्याची कसूर नव्हती. पुढचं चाक चुकलं. कडेचा लोखंडी पत्रा मागच्या पायाला लागला.

डॉक्टरणीने पाय बांधला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. "दीड महिना या पायावर भार पडता कामा नये," ती म्हणाली. "पडूनच राहिला पाहिजे. या वयात एकदा हाड सरकलं, की मग पाय काढावा लागतो. आणि पाय काढल्यावर हा किती दिवस काढेल, ते मी सांगू शकत नाही."

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. "माझ्याच हातानं झालं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी हात केला आणि तो आला. मला वाटलं मी थांब म्हणतेय. माझा हातच चुकला, ताई. तू म्हणत होतीस ना, हलतो म्हणून."

थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सांगायचं होतं तर ती वेळ होती. तिने ती जाऊ दिली.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "मी त्याला नेत नाही. मुलीला फोन करून सांगते. तुझ्याकडेच राहू दे. माझ्याजवळ सुरक्षित नाही तो."

थोरलीला हवं होतं ते हेच. ते मागावंही लागलं नाही, आपण होऊन पदरात पडलं. ती "बरं" म्हणाली, आणि म्हणताना तिला आनंद झाला. कुत्रा पाय बांधून समोर कण्हत पडलेला, बहीण रडलेली, आणि हिला आनंद झाला; थोडा, पण झाला. तो तिने ओळखला. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खरी अडचण सुरू झाली. मुकादम गादीवर पडलेला असे. धाकटी पाणी घेऊन आली की तो तिला पाहून चुळबुळ करे आणि धाकटीचा हात आपोआप वर जाई: थांब, पडून राहा. त्याबरोबर तो उठू लागे. बांधलेला पाय ओढत, तीन पायांवर झोकांड्या देत. मग किंकाळी. थोरली धावत येऊन त्याला दाबून आडवा करी.

"हात नको करूस म्हटलं ना!"

"अगं, मी नाही करत! तो होतो! आधी हात जातो आणि मग मला कळतं. इतकी वर्षं..."

डॉक्टरीण येऊन पाहून गेली. पट्टी सैल झाली होती. "आणखी एकदा असं झालं, तर माझ्या हातात काही राहणार नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी थोरली खोलीत आली तेव्हा धाकटी गादीपासून लांब, भिंतीशी बसली होती. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून ठेवले होते, आणि वर आपलं सगळं वजन टाकलं होतं. मुकादम तिच्याकडे पाहत होता. हात दिसेनात म्हणून तो तिचं तोंड, खांदे, पदर असं कुठेकुठे शोधत होता. धाकटी हलत नव्हती, बोलत नव्हती. बोलून उपयोगही नव्हता.

थोरली दारात उभी राहिली. मग तिथूनच म्हणाली, "तुझा हात चुकला नव्हता."

धाकटीने मान वर केली.

"मी शिकवलं त्याला. तू दुपारी जायचीस तेव्हा. पंजा वर म्हणजे ये. कलेजी घालून शिकवलं."

"तुला ठाऊक नव्हतं माझी खूण..."

"ठाऊक होतं."

"मग?"

"मग काय? तो तुझ्याकडे जायचा." थोरलीचा आवाज, जो कधी खाली येत नसे, तो इतका खाली आला की धाकटीला पुढे वाकावं लागलं. "तू काहीच करायची नाहीस, आणि तो तुझ्याकडे जायचा. वाटलं, तुझ्या हाताला तो जुमानेनासा होऊ दे. गाडीखाली जावा असं मी म्हटलं नव्हतं."

धाकटीने मांडीखालचे हात बाहेर काढले. ते पांढरे पडले होते. ते चोळत ती म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही, हे मला डॉक्टरणीच्या आधी माहीत होतं."

"मला वाटलंच होतं. कधीपासून?"

"मी आले त्यानंतर महिन्याभरात. कुकरची शिट्टी झाली आणि हा झोपलेला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"का सांगू?" आता धाकटीचा आवाज चढला. "जन्मभर तू हाक मारलीस की सगळे धावायचे. बाबा धावायचे, आई धावायची, मी धावायचे. पहिल्यांदा तू हाका मारत होतीस आणि कुणी तरी जागचं हलत नव्हतं. मला बरं वाटत होतं, ताई. रोज बरं वाटत होतं."

समोर चष्मेवाल्याने शटर ओढलं.

"पण मी त्याचा पाय नाही मोडला," धाकटी म्हणाली.

"नाही."

"मग तो माझ्याबरोबर येईल."

"त्या दिवशी तर म्हणालीस..."

"तेव्हा मला वाटत होतं माझा हात चुकला."

थोरलीने तोंड उघडलं. तिच्याकडे शब्दांची कधी वाण नव्हती. माझा कुत्रा, माझं घर, मी गटारातून उचललं त्याला; सगळे शब्द तिथे होते. ती मुकादमाकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पाय जुळू दे आधी."

"जुळेल कसा? माझा हात वर गेला की तो उठणार. आणि हात काही माझं ऐकायचा नाही." धाकटीने डोळे पुसले. "तू शिकवलंस ना? आता तूच ते पुसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने कलेजी उकडली. चिरताना तिला एकदा वाटलं की हे काम नीट झालं नाही तरी कुणाला कळणार नाही. थोडं कच्चं ठेवलं, तर कुत्रा इथेच राहील. ती थांबली. मग आणखी बारीक तुकडे केले.

ती गादीवर मुकादमाच्या शेजारी बसली, एक हात त्याच्या पाठीवर, दुसऱ्यात तुकडा. धाकटी समोर दाराशी उभी राहिली.

"कर," थोरली म्हणाली.

धाकटीने पंजा वर केला. मुकादम ताठला, उठू लागला. थोरलीने त्याला धरून ठेवलं; तो शांत होईपर्यंत तुकडा मुठीत लपवला आणि शांत झाल्यावर दिला. पुन्हा. पुन्हा. बसून राहिलास तर मिळेल. तिच्याकडे बघ, जाऊ नकोस. ती सांगते तेव्हा थांब. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. थोरलीचे गुडघे आखडले. मध्ये एकदा ती चिडून म्हणाली, "अंगठा आत घेतेस तू. मला शिकवताना म्हणाली होतीस, घ्यायचा नाही."

"नाही घेत. तुझा चष्मा बदल. समोरच तर दुकान आहे."

आणि एके दिवशी धाकटीचा हात वर गेला, तेव्हा थोरलीच्या तळव्याखाली कुत्र्याची पाठ ताठली नाही. तिने पाठीवरचा हात उचलून घेतला. मुकादम तसाच पडून राहिला. मान वर, कान पडलेले, नजर दारातल्या पंज्यावर.

थोरलीने तुकडा पुढे केला. त्याने तो घेतला आणि खाल्ला. तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

"जमलं," धाकटी म्हणाली. हात अजून वरच होता. "ताई, जमलं गं."

"दिसतंय मला."

"आणखी एकदा करू?"

थोरलीने डब्यात बोटं घातली आणि पुढचा तुकडा उचलला.

"कर," ती म्हणाली.